नूरच्या शेवटाचा माग: दिवाळी अंकातल्या लेखाच्या कामाच्या नोंदी

9 जून

संपादकांचा फोन. दिवाळी अंकासाठी नूर इनायत खानवर मोठा लेख हवा आहे. मी बडोद्याची, म्हणून मलाच विचारलं असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. हो म्हटलं, पण एका अटीवर. जन्म, बालपण, शौर्य, बलिदान या वाटेने जाणारे लेख मराठीत भरपूर झालेत. त्यात आणखी एकाची भर घालायची नाही.

जेवढं सगळ्यांना माहीत आहे तेवढं इथे एकदाच लिहून ठेवते. 1914 च्या जानेवारीत मॉस्कोत जन्म. वडील सूफी गवई हजरत इनायत खान, आई अमेरिकन. वाढली पॅरिसजवळच्या सुरेनमध्ये. 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर इंग्लंडला गेली, तिथे हवाई दलाच्या महिला शाखेत वायरलेस शिकली. एसओई (शत्रूच्या ताब्यातल्या देशांत हेर आणि घातपाती धाडणारी ब्रिटिश गुप्त संघटना) हिच्या फ्रेंच विभागाने तिला निवडलं आणि 16 जून 1943 च्या रात्री लायसँडर विमानातून फ्रान्समध्ये उतरवलं. व्यापलेल्या फ्रान्समध्ये पाठवलेली पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. सांकेतिक नाव 'मादलेन'. आठवड्याभरातच पॅरिसमधलं एसओईचं 'प्रॉस्पर' हे हेरांचं जाळं कोसळलं, माणसं धडाधड पकडली गेली. लंडनने परत बोलावलं, तरी ही थांबली. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली.

मला लिहायचं आहे ते इथून पुढचं. पकडल्यानंतर तिचं काय झालं, आणि त्याहून जास्त, ते कळलं कसं.

12 जून

बडोद्याचा भाग आजच उरकते, कारण तो सोपा आहे आणि त्यात अडकून पडायची भीती मलाच जास्त आहे.

मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 मध्ये गायनशाळा काढली. सूरसागरासमोर आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे, तिचं मूळ ते. इनायत खान त्यांचे नातू, जन्म बडोद्यातला, 1882 चा. मौलाबक्षांची पत्नी टिपू सुलतानाच्या वंशातली, असं घराण्यात सांगत आले आहेत. लेखात हे 'घराण्यातली परंपरा' एवढ्याच शब्दांत जाईल. 'राजकन्या' हा शब्द मी एकदाही वापरणार नाही. वायरलेसचं जड खोकं सुटकेसमध्ये घालून पॅरिसभर जागा बदलत फिरणाऱ्या बाईला तो शब्द शोभतही नाही.

इनायत खानांनी हिंदुस्थान सोडला तो दिवस 13 सप्टेंबर 1910. नूरच्या मृत्यूची तारीख 13 सप्टेंबर 1944. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. लेखात घेणार नाही, इथे नोंदवून मोकळी होते.

17 जून

अटकेची तारीख काही जमत नाही. बहुतेक ठिकाणी 13 ऑक्टोबर 1943 च्या आसपासची दिली आहे. पण लंडनला 1 ऑक्टोबरला बर्नमार्गे एक निरोप पोचला होता: 'सोन्या' पॅरिसहून परतली आहे, तिच्या सांगण्यानुसार 'मादलेन' आणि आणखी दोघांना मोठा अपघात झाला असून ते इस्पितळात आहेत. अपघात म्हणजे अटक, इस्पितळ म्हणजे तुरुंग, हे त्या धंद्यातल्या कुणालाही कळावं. मग अटक आधीची धरायची, की निरोप धोक्याच्या पहिल्या वासावर गेला? मी फक्त 'ऑक्टोबर 1943' लिहिणार आहे. अमुक दिवशी अमुक वाजता दार वाजलं, असं लिहायचा मोह होतो, पण तेवढा आधार हातात नाही.

निरोपाचं लंडनने काय केलं हे महत्त्वाचं. काहीच केलं नाही. विभागप्रमुख मॉरिस बकमास्टरला ही सोन्या कोण तेच ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्या बोलण्यावर भरवसा ठेवला नाही. (हे नाव लाल पेनाने अधोरेखित करून ठेवलं आहे.)

नूर पकडली गेली तेव्हा तिच्या खोलीत वायरलेस संच सापडलाच, शिवाय एक वहीही सापडली. पाठवलेले आणि आलेले सगळे संदेश तिने त्या वहीत उतरवून ठेवले होते, सांकेतिक आणि उलगडलेले दोन्ही. जर्मनांना आणखी काय हवं होतं? पॅरिसमध्ये फॉश अव्हेन्यूवरच्या 84 नंबरच्या इमारतीत, म्हणजे एसडी या नाझी गुप्तचर खात्याच्या ठाण्यात बसून त्यांचा माणूस नूर असल्यासारखा लंडनशी बोलत राहिला आणि लंडन उत्तरं देत राहिलं. 28 फेब्रुवारी 1944 च्या रात्री याच संपर्काच्या भरवशावर तिघेजण पॅराशूटने उतरले. खाली जर्मन वाट पाहत उभे होते. त्या तिघांतली एक मादलेन दामरमाँ. सहा-सात महिन्यांनी डाखाऊच्या छळछावणीत नूरसोबत ज्या तिघींना मारलं, त्यातलीही एक तीच.

हे वाचून उठले आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. नूरवरच्या लेखांमध्ये वहीचा उल्लेख एक तर गाळलेला असतो, नाही तर 'भाबडी पोर' म्हणून सोडून दिलेला. मी दोन्ही करणार नाही. वही तिची होती हे खरं. आणि आलेला इशारा बाजूला सारून पॅराशूट उतरवत राहणारं ऑफिस लंडनमध्ये होतं, हेही तितकंच खरं.

21 जून

फॉश अव्हेन्यूतून तिने पळून जायचा दोनदा प्रयत्न केला. दुसरा नोव्हेंबरच्या अखेरीस, जॉन स्टार आणि लेऑन फाये या दोन कैद्यांबरोबर, छतातल्या झरोक्यांचे गज सैल करून. नेमका त्याच वेळी हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, पहारेकऱ्यांनी कोठड्या तपासल्या आणि तिघेही सापडले. पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला तिने नकार दिला. फायेनेही दिला. दोघांची रवानगी जर्मनीत.

नूरला फोर्त्सहाइमच्या तुरुंगात ठेवलं. एकटीची कोठडी, हातापायांत बेड्या, दोन्ही बेड्या जोडणारी आणखी एक साखळी. तिच्या कागदांवर शेरा होता 'नाख्ट उंड नेबेल', रात्र आणि धुकं. 7 डिसेंबर 1941 चा हा हुकूम. माणूस उचलायचा आणि त्याचं पुढे काय झालं याची खबर घरच्यांना, देशाला, कुणालाही लागू द्यायची नाही. जिवंत की मेला, हेही नाही. म्हणजे मी आज ज्या गोंधळात बसले आहे तो युद्धाच्या धांदलीत कागद हरवल्यामुळे झालेला नाही. तो तसाच व्हावा म्हणून हुकूम निघाला होता. लेखाचा दुसरा भाग इथून सुरू करावा असं वाटतं आहे.

28 जून

व्हेरा ॲटकिन्स. हिच्याशिवाय हा लेख होत नाही.

फ्रेंच विभागात बकमास्टरच्या हाताखाली गुप्तवार्ता अधिकारी. एजंट रवाना होताना खिशात इंग्लंडचं तिकीट, सिगरेटचं पाकीट, कपड्यावर लंडनच्या शिंप्याची खूण राहिली नाही ना हे बघणारी बाई. युद्ध संपलं तेव्हा विभागाची 118 माणसं परतली नव्हती. 1946 च्या जानेवारीत ती युद्धगुन्ह्यांचा तपास करणाऱ्या ब्रिटिश पथकाबरोबर जर्मनीत गेली आणि एकेकाचा माग काढत बसली. तुरुंगाच्या नोंदवह्या, पहारेकरी, जेलर बायका, छावणीतून वाचलेले कैदी, कोठडीत पडलेले गेस्टापोवाले. एक वगळता सगळ्यांचं काय झालं ते तिने शोधून काढलं.

नूरच्या बाबतीत तिचं पहिलं उत्तर होतं नात्झवायलर.

अल्सासच्या डोंगरातली ही छावणी पुरुषांची. 6 जुलै 1944 ला दुपारी तिथे चार बायका आल्या, म्हणून बघणाऱ्यांच्या लक्षात राहिल्या. बघणाऱ्यांत ब्रायन स्टोनहाउस होता. तो स्वतः याच विभागाचा पकडलेला वायरलेस ऑपरेटर, आणि पेशाने चित्रकार. छावणीच्या वाटेवरून त्या चौघी त्याच्यासमोरून गेल्या. बाकीच्यांना 'चार बायका' एवढंच आठवत होतं. याला आठवत होते केस, बांधा, केसांतली फीत, हातावर टाकलेला कोट. त्याच रात्री चौघींना फिनॉलचं इंजेक्शन देऊन भट्टीत घातलं.

तिघींची नावं पटली: आंद्रे बोरेल, व्हेरा ली, डायना राउडन. चौथी राहिली. लहानखुरी, काळ्या केसांची. ॲटकिन्सच्या यादीत अशी दिसणारी आणि पत्ता न लागलेली कोण? नूर.

मे 1946 च्या शेवटी वुपर्टालला नात्झवायलरचा खटला उभा राहिला तेव्हा चौथी नूरच, असं ॲटकिन्स धरून चालली होती. घरच्यांनाही तसंच कळवलं गेलं.

माझ्या तक्त्यात (कोणी सांगितलं, कधी, पाहिलं की ऐकलं की तर्क केला) या रांगेत शेवटच्या रकान्यात 'तर्क' लिहावं लागतं. स्टोनहाउसने चौथी बाई खरंच पाहिली होती. ती नूर आहे हे त्याने पाहिलेलं नव्हतं.

आणखी एक. नात्झवायलरच्या चौघी कार्ल्सरुहेच्या तुरुंगातून आल्या. मे 1944 मध्ये पॅरिसहून तिथे आठ बायका एकत्र पाठवल्या होत्या. बोरेल, ली, राउडन त्यात होत्या. दामरमाँ, योलांद बीकमन, एलियान प्लूमन याही होत्या. पुढे राव्हेन्सब्रुकच्या छावणीतून जिवंत परतलेली ओडेट सॅन्समही होती. या झाल्या सात. आठवी नूर असूच शकत नव्हती, कारण ती तोवर सहा महिने फोर्त्सहाइमला साखळीत होती. हे आज आपल्याला माहीत आहे म्हणून सोपं. 1946 च्या वसंतात ॲटकिन्सच्या हातात हे तुकडे एकेक करून, वेगवेगळ्या गावांतून येत होते. तिला नावं ठेवायची घाई मी करणार नाही.

30 जून

तारखा शेजारी मांडल्यावर दिसलेलं: डाखाऊचा एसएस अधिकारी विल्हेल्म रुपर्ट याला अमेरिकनांनी मे 1946 च्या अखेरीस फाशी दिली. वुपर्टालचा खटला सुरू झाला तोही त्याच आठवड्यात. डाखाऊमध्ये गोळ्या घालून होणाऱ्या शिक्षांवर हा माणूस देखरेख करत असे. नूर डाखाऊला मेली हे कळायच्या आधीच, ज्याला विचारायचं तो गेलेला.

5 जुलै

लाल पेनाने अधोरेखित केलेल्या नावावर आज पूर्ण दिवस दिला.

सोनिया ओल्शानेत्स्की. जन्म 1923, जर्मनीतल्या केम्निट्सला, रशियन ज्यू कुटुंबात. लहानपणापासून पॅरिसमध्ये, नर्तिका. एसओईच्या 'जगलर' या जाळ्यात निरोप पोचवणारी म्हणून तिला फ्रान्समध्येच घेतलं. ती ना लंडनला गेली, ना तिने कुठे प्रशिक्षण घेतलं, ना तिची फाइल बनली. जाळं फुटल्यावर जाळ्यातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, जो तिचा वाग्दत्त वर होता, स्वित्झर्लंडला निसटला. सोनिया मागे राहिली, काम करत राहिली आणि जानेवारी 1944 मध्ये पकडली गेली.

1 ऑक्टोबरच्या निरोपातली 'सोन्या' हीच. नूर सापडली आहे, सावध व्हा, हे लंडनला कळवणारी हीच. आणि कार्ल्सरुहेची आठवी बाई, नात्झवायलरची चौथी बाई, तीही हीच.

इशारा दिला तेव्हा लंडनच्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून इशारा वाया गेला. मेली तेव्हाही यादीत नाव नव्हतं, म्हणून तिचं मरण जिला वाचवायला ती धडपडली तिच्याच नावावर मांडलं गेलं. वय वीस.

ॲटकिन्सला 1947 पर्यंत हे उमगलं होतं. पण सोनियाच्या आईपर्यंत ते कुणी पोचवलं नाही. पुढे एक इंग्रज लेखिका शाळेतल्या आपल्या मैत्रिणीचा, डायना राउडनचा, माग काढत निघाली आणि वाटेत तिला सोनिया सापडली. तिच्या 1958 च्या पुस्तकातून तेव्हा कुठे नाव जगापुढे आलं. खात्याला नाही, एका शाळासोबतिणीला पडलेली होती. फ्रान्समध्ये व्हालाँसेला फ्रेंच विभागाच्या मेलेल्या एजंटांचं स्मारक आहे, त्यावर मात्र सोनियाचं नाव नाही.

माझा लेख नूरवरचा आहे हे खरं. पण हा भाग चौकटीत टाकून भागणार नाही. नूरचा शेवट काही काळ चुकीच्या जागी का होता याचं उत्तर सोनिया आहे. तिला मुख्य मजकुरातच जागा द्यायची.

11 जुलै

नूरला डाखाऊपर्यंत पोचवलं ते जेवणाच्या डब्याने.

फोर्त्सहाइमच्या तुरुंगात काही फ्रेंच कैदी बायका होत्या. नूरशी बोलायची सोय नव्हती, ती वेगळ्या कोठडीत, साखळीत. पण जेवणाचे डबे सगळ्यांचे एकत्र गोळा होऊन धुतले जात आणि पुन्हा वाटले जात. त्या बायकांनी डब्याच्या तळाला टोकदार वस्तूने ओरखडून निरोप लिहिला. काही दिवसांनी दुसऱ्या डब्याच्या तळाला उत्तर आलं. असं चालू राहिलं. पहारेकऱ्याच्या नजरेला काय पडणार, तर खरचटलेलं ॲल्युमिनियम. याच मार्गाने नूरने आपलं टोपणनाव सांगितलं, नोरा बेकर, आणि लंडनचा पत्ताही, 4 टॅव्हिटन स्ट्रीट.

मग सप्टेंबर 1944 मध्ये उत्तरं बंद झाली. तिला नेलं होतं.

नोव्हेंबरमध्ये फोर्त्सहाइमच्या फ्रेंच कैद्यांना शहराबाहेरच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. डब्यांवर लिहिणाऱ्यांपैकी योलांद लाग्राव्ह तेवढी वाचली. घरी परतल्यावर तिने नूरच्या नातेवाइकांना शोधून कळवलं: ही बाई सप्टेंबर 1944 पर्यंत आमच्या शेजारी होती. जी सप्टेंबरात फोर्त्सहाइमला होती ती जुलैमध्ये नात्झवायलरला मेली कशी? नूरचा भाऊ विलायत याने हा धागा सोडला नाही. ॲटकिन्सने फाइल पुन्हा उघडली. तुरुंगाच्या अधिकाऱ्याची चौकशी झाली, पॅरिसच्या एसडीचा प्रमुख कीफर याची झाली, कार्ल्सरुहेच्या गेस्टापोवाल्यांची झाली. उत्तर डाखाऊवर येऊन थांबलं.

माझ्या तक्त्यात लाग्राव्हच्या नावापुढे 'ऐकलं' लिहावं की 'पाहिलं'? 'वाचलं' असा नवा रकाना केला. सगळ्या तक्त्यात मला सर्वांत भक्कम वाटणारी साक्ष हीच आहे. तिला काही लपवायचं नव्हतं, मिळवायचंही नव्हतं.

नूरला मरणोत्तर मिळालेल्या जॉर्ज क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाच्या 5 एप्रिल 1949 च्या मानपत्रात फोर्त्सहाइम आहे, तुरुंगप्रमुखाचा जबाब आहे, डाखाऊ आहे. डबे नाहीत.

19 जुलै

डाखाऊ. इथे तक्ता खरा कामाला आला.

न हलणाऱ्या गोष्टी: 11 सप्टेंबरला नूरला फोर्त्सहाइमहून कार्ल्सरुहेला आणलं. तिथून बीकमन, प्लूमन, दामरमाँ आणि नूर अशा चौघींना रेल्वेने डाखाऊला नेलं. 12 ला रात्री पोचल्या, 13 ला स्मशानभट्टीच्या आवारात गोळ्या घातल्या. बरोबर गेलेले गेस्टापोवाले दोघे, वास्मर आणि ओट.

हलणाऱ्या गोष्टी म्हणजे 'कसं' याचं उत्तर. ओटने जबाब दिला. चौघी खिडकीशी बसून गप्पा मारत होत्या, कित्येक महिन्यांनी एकमेकींशी बोलायला मिळालं म्हणून खुशीत होत्या. सकाळी शिक्षा वाचून दाखवली, दोघी दोघींनी हात धरून गुडघे टेकले, मागून गोळी. प्रवासाचं ठीक आहे, तिथे तो होता. गोळ्या घालताना तो हजर नव्हता, वास्मरने सांगितलं तेच तो सांगतो. आणि वास्मरला ते जितकं शांत, जितकं नियमाने झालेलं दिसेल तितकं सोयीचं.

दुसरी हकीकत 1958 ची. डाखाऊत कैदी असलेल्या एका डच माणसाने नूरच्या पहिल्या चरित्रकाराला, जी तिची मैत्रीणही होती, कळवलं: रुपर्टने नूरला मरेस्तोवर मारलं, मग गोळी घातली, आणि तिचा शेवटचा शब्द 'लिबर्ते' होता. ही चौदा वर्षांनंतरची आठवण. रुपर्ट मेलेला, दुसरा साक्षीदार नाही.

दोन्ही हकिकती एकाच वेळी जशाच्या तशा खऱ्या असू शकत नाहीत. एकीत चौघी एकत्र, शांत. दुसरीत एकटी नूर, छळ. मला कुठली खरी वाटते? मनातून दुसरी. साखळीत दहा महिने ठेवलेल्या 'धोकादायक' कैद्याशी एसएसवाले सभ्यपणे वागले असतील हे पटत नाही. पण मला काय पटतं हा पुरावा नव्हे. लेखात दोन्ही जातील, प्रत्येकीपुढे कोण सांगतो आहे आणि त्याला ते कसं कळलं हे लिहून.

24 जुलै

संपादकांना अर्धा मसुदा पाठवला होता. त्यांना मथळा हवा आहे 'लिबर्ते!' उद्गारचिन्हासकट. मुखपृष्ठावरही चालेल म्हणाले.

मी नाही म्हटलं. तो शब्द एकाच माणसाच्या, चौदा वर्षांनंतरच्या पत्रातून आला आहे. मथळा केला की तो पुरावा होऊन बसतो आणि पुढच्या वर्षी शाळेच्या भाषणात येतो. त्यावर ते म्हणाले, "अहो, पण वाचकांना तोच शब्द लक्षात राहील." तीच तर माझी अडचण आहे, असं सांगितलं. थोडी तणातणी झाली. शेवटी 'चौथी बाई' या मथळ्यावर दोघांचं जमलं, पण नूरचं नाव उपशीर्षकात ठळक हवं ही त्यांची अट. ती रास्त आहे.

बकमास्टरवरचा परिच्छेद थोडा सौम्य करावा असंही त्यांचं म्हणणं. एक विशेषण काढलं. घटना सगळ्या ठेवल्या.

2 ऑगस्ट

पूर्ण मसुदा गेला. क्रम असा ठरला: वुपर्टालच्या खटल्यातली अनोळखी चौथी, मग ॲटकिन्सची यादी, मग फोर्त्सहाइमचे डबे, मग सोनिया, मग डाखाऊच्या दोन हकिकती. नूरचं बडोदं आणि सुरेन मधे एका पानात. तक्ता लेखाच्या शेवटी छापणार आहेत. 'पाहिलं, ऐकलं, वाचलं, तर्क' हे रकाने तसेच ठेवायला ते तयार झाले, याचं मला फार बरं वाटलं.

राहिलेली कामं: लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमधल्या नूरच्या अर्धपुतळ्याचा (2012) छायाचित्रकाराच्या परवानगीसह फोटो. फ्रेंच नावांचं लेखन सगळीकडे एकसारखं करणं, 'दामरमाँ' तीन तऱ्हांनी पडलं आहे. सोनियाचा फोटो मिळाला तर तो नूरच्या फोटोएवढाच मोठा लावायचा, हे मांडणी करणाऱ्या मुलाला मी स्वतः फोन करून सांगणार आहे.